खरपा माशाचा तंतुकणिकीय जीनोम

खरपा (ग्लॉसोगोबियस ग्युरिस) हा गोबी गणातील तळाशी राहणारा मासा आहे. हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. गोड्या पाण्यात आणि खाडीत तो सारखाच रमतो. पुण्याकडच्या भीमा खोऱ्यातही तो सापडतो.

त्याच्या तंतुकणिकेतील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील, डीएनए (हाच तंतुकणिकीय जीनोम) वर्तुळाकार असून सुमारे साडेसोळा हजार बेस जोड्यांचा असतो. त्यात इतर पृष्ठवंशीयांप्रमाणे ३७ जनुके असतात : १३ प्रथिनांची, २२ टी-आरएनएंची (प्रथिन बांधताना अमिनो आम्ले आणणारे रेणू), २ आर-आरएनएंची (प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमचे घटक). शिवाय जनुक नसलेला एक नियंत्रक पट्टा असतो. एनडी६ हे प्रथिनाचे जनुक आणि आठ टी-आरएनए वगळता सर्व जनुके डीएनएच्या दोन धाग्यांपैकी जड धाग्यावर असतात. बहुतेक अस्थिमत्स्यांत सीओआय हे प्रथिनाचे जनुक जीटीजी या तीन बेसांच्या संकेताने (कोडॉनने) सुरू होते, बाकीची एटीजीने. काही जनुकांच्या शेवटी नुसता टी किंवा टीए दिसतो. तो दोष नव्हे; आरएनएला अनेक ए बेसांची शेपटी जोडली गेली की प्रथिन कुठे संपते ते सांगणारा थांबा-संकेत पूर्ण होतो.

नमुना घेताना पराचा किंवा स्नायूचा सुमारे २५ मिलिग्रॅम तुकडा दहापट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलावे. फॉर्मालिनमधील जुन्या संग्रहातून लांब तुकडे बहुधा मिळत नाहीत. ऊतक प्रोटिनेज-के (प्रथिने तोडणारे विकर) सह ५६ अंश सेल्सिअसला रात्रभर विरघळवतात. फक्त ओळख पटवायची असेल तर सीओआयचा सुमारे ६५५ बेसचा तुकडा पुरतो; पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) तो असा वाढवतात : ९४ अंशांवर ३० सेकंद, ५४ वर ३० सेकंद, ७२ वर एक मिनिट, अशी ३५ आवर्तने. माशाचा देह मात्र आकुर्डीतील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या संग्रहात जमा करावा. देहाविना डीएनएचा क्रम म्हणजे नंतर तपासता न येणारे नाव.

पूर्ण जीनोम जुळवताना घोळ होतो तो बहुधा नियंत्रक पट्ट्यात. तिथल्या पुनरावृत्ती लहान वाचनांत (यंत्राने एका वेळी वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांत) एकमेकींवर चढतात आणि जीनोम खरा असतो त्यापेक्षा आखूड दिसतो. म्हणून लांब वाचने घ्यावीत आणि दोन्ही टोके एकमेकांवर जुळतात का ते पाहावे. जनुकांचे प्रथिनात भाषांतर करताना पृष्ठवंशीय तंतुकणिकीय संकेतसारणीच (कोणता कोडॉन कोणते अमिनो आम्ल देतो त्याची यादी) निवडावी. सर्वसाधारण सारणीत टीजीए हा थांबा मानला जात असल्याने चांगली जनुकेही मोडलेली वाटतात. योग्य सारणी वापरूनही मध्येच थांबा आला, तर तो क्रम म्हणजे पेशीच्या केंद्रकातील डीएनएत शिरलेली जुनी प्रत असण्याचा संशय घ्यावा.

वंशवृक्षात खरपा गोबिडी कुलात बसतो. कोकणातील निवटी (चिखलावर सरपटणारा मासा) पूर्वी त्याच कुलात धरत; रेणवीय अभ्यासांनंतर ती ऑक्सुडर्सिडी कुलात गेली. वृक्षाचे मूळ ठरवण्यासाठी ओडोन्टोब्युटिडी किंवा ऱ्हायसिक्थिडी कुलातील जाती बाह्यगट (तुलनेसाठी घेतलेल्या दूरच्या जाती) म्हणून घ्याव्यात, कारण गोबी गणात त्यांची शाखा सर्वांत आधी फुटते. तिसऱ्या कोडॉन-स्थानी बदल इतके साचतात की खोलवरची नाती पुसट होतात. तेवढ्यासाठी ते स्थान वगळून किंवा अमिनो आम्लांवरून वृक्ष पुन्हा काढावा.

नमुन्यांची निवड नकाशावरील अंतरावरून करू नये. भीमा कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते, तर घाटापलीकडची उल्हास आणि सावित्री अरबी समुद्राला. म्हणून पुण्याच्या खरप्याची तुलना कोकणातील आणि कृष्णेच्या मुखाकडील अशा दोन्ही नमुन्यांशी करावी. तंतुकणिका आईकडूनच येत असल्याने हा वृक्ष मातृवंशाचाच असतो. संकर तपासायचा तर केंद्रकातील जनुकेही घ्यावी लागतात.