लाइव्ह रॉक ध्वनिमुद्रिका (१९६० चे दशक)

रॉक संगीताच्या जाहीर कार्यक्रमाचे श्रोत्यांच्या गलक्यासकट ध्वनिमुद्रण करून काढलेली तबकडी. ध्वनिमुद्रणगृहात तयार होणाऱ्या तबकडीपेक्षा ती वेगळी ठरते ती मुख्यतः तिच्या ओबडधोबडपणामुळे. सूर घसरतात, लय पुढे पळते, गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर मध्येच शिट्टी मारतो. १९६० च्या दशकातल्या अशा ध्वनिमुद्रिकांचे आकर्षण या ‘कच्चेपणा’तच असल्याचे रसिक मानतात. मात्र हा कच्चेपणा दर वेळी खरा नव्हता आणि जिथे खरा होता ते ध्वनिमुद्रण अनेकदा वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिले.

त्यामागची तांत्रिक कारणे साधी आहेत. दशकाच्या पूर्वार्धात गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे, व्यासपीठाकडे तोंड केलेले मॉनिटर स्पीकर सहसा नसत. गायक अंदाजाने गात. ध्वनिफितीवर तीन किंवा चारच मार्गिका (ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळा टिपण्याचे पट्टे) असत, त्यामुळे ड्रम, बास आणि गिटार एकाच मार्गिकेत कोंबावे लागत. शिवाय प्रत्येक माइकमध्ये शेजारचे वाद्य शिरे. गायकाची चुकलेली ओळ नंतर पुन्हा गाऊन घेतली, तरी मूळ ओळ ड्रमच्या माइकमधून अंधूक ऐकू येतच राही. थोडक्यात, चूक खोडता येत नसे. पुढच्या ओळीत सावरून घेणे एवढाच उपाय कलावंताच्या हाती होता, आणि ते सावरणे फितीवर उतरले आहे. ख्यालाच्या मैफलीत गवई जोखमीची तान घेऊन समेवर येतो तेव्हा कान टवकारणाऱ्या श्रोत्याला यातली गंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

याचे सर्वांत दणकट उदाहरण जर्मनीतले आहे. अमेरिकन पियानोवादक-गायक जेरी ली लुईस याने १९५७ मध्ये तेरा वर्षांच्या नात्यातल्या मुलीशी लग्न केले. पुढच्या वर्षी ते उघडकीस आले आणि त्याची कारकीर्द कोसळली. ५ एप्रिल १९६४ रोजी तो हँबुर्गच्या ‘स्टार क्लब’मध्ये ‘नॅशव्हिल टीन्स’ या इंग्रज वाद्यवृंदाला साथीला घेऊन वाजवायला बसला. साथीदार त्याच्यामागे धापा टाकत धावतात, तो त्यांच्यासाठी थांबत नाही आणि पियानो हे तालवाद्य असल्यासारखा बडवला जातो. गमावलेले सारे एका रात्रीत परत मिळवायचे, असा त्याचा आवेश वाटतो. कराराच्या अडचणींमुळे ही तबकडी त्या काळी त्याच्या मायदेशी, अमेरिकेत, निघालीच नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या ‘मार्की’ क्लबमध्ये ‘यार्डबर्ड्‌स’ या इंग्रज वाद्यवृंदाचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला आणि ‘फाइव्ह लाइव्ह यार्डबर्ड्‌स’ या नावाने डिसेंबरात बाहेर आला. गिटारवर तरुण एरिक क्लॅप्टन होता. ध्वनी पातळ आहे, गायन मागे पडते, पण छोट्या, कोंदट जागेतली घाई त्यात नेमकी पकडली गेली आहे.

‘बीटल्स’च्या वाट्याला नेमके उलटे आले. २३ ऑगस्ट १९६४ रोजी लॉस एंजेलिसच्या ‘हॉलिवुड बोल’ या खुल्या प्रेक्षागृहातला त्यांचा कार्यक्रम कॅपिटॉल कंपनीने तीन मार्गिकांवर टिपला, पुढच्या वर्षीही टिपला. हजारो मुलींच्या किंकाळ्यांखाली गाणी बुडाली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना ते प्रसिद्ध करण्याजोगे वाटले नाही आणि तबकडी निघायला १९७७ उजाडले. आज ऐकताना थक्क करतो तो गोंगाट नव्हे, तर स्वतःचे सूर धड ऐकू येत नसतानाही एकत्र राहिलेले चौघे.

कंपन्यांना मात्र गोंगाटाचा भाव लवकर कळला. ‘रोलिंग स्टोन्स’ची ‘गॉट लाइव्ह इफ यू वाँट इट!’ (१९६६) ही अमेरिकेसाठी काढलेली तबकडी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली असल्याचे वेष्टनावर छापले होते. प्रत्यक्षात तिचा बराचसा भाग न्यूकॅसल आणि ब्रिस्टलचा, तर दोन गाणी चक्क ध्वनिमुद्रणगृहातली असून त्यांवर किंकाळ्या नंतर चढवल्या आहेत. अमेरिकन गायिका जॅनिस जॉपलिनचा आवाज घरोघर पोचवणारी ‘चीप थ्रिल्स’ (१९६८) तर जवळजवळ सगळीच ध्वनिमुद्रणगृहातली. आधी डेट्रॉइटमध्ये खरा कार्यक्रम मुद्रित करून पाहिला, तो जमला नाही; मग काच-वीटांच्या आत बसून गर्दीचा भास निर्माण करण्यात आला. ‘बॉल अँड चेन’ हे एकच गाणे खरोखर श्रोत्यांसमोरचे आहे. ही तबकडी अमेरिकेतल्या खपाच्या यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. याला फसवणूक म्हणावे की नाट्य? प्रस्तुत लेखकाच्या मते, जॉपलिनचा गळा इतका फाटून गात असताना टाळ्या कोणाच्या हा प्रश्न दुय्यम ठरतो. ‘स्टोन्स’ला मात्र ही सवलत देता येत नाही.

खरा कच्चा माल चोरवाटेने फिरत होता. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन विजेच्या गिटारनिशी उभा राहिला. लोकसंगीत सोडून रॉककडे गेल्याच्या रागाने एक श्रोता ‘जुडास!’ (येशूचा विश्वासघात करणारा शिष्य) असे ओरडला. डिलनने साथीदारांना जोरात वाजवायला सांगितले आणि पुढचे गाणे अंगावर कोसळल्यासारखे सुरू झाले. परवानगीविना काढलेल्या चोरट्या तबकड्यांवर हा कार्यक्रम अल्बर्ट हॉलमधला म्हणून खपत राहिला. अधिकृत प्रकाशन १९९८ मध्ये झाले.

दशकाच्या अखेरीस तंत्र बदलले. डेट्रॉइटच्या ‘एमसी फाइव्ह’ने ३० आणि ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी ग्रँडी बॉलरूममध्ये आपली पहिलीच तबकडी श्रोत्यांसमोर मुद्रित केली, नवख्या वाद्यवृंदासाठी ही विरळा गोष्ट होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ग्रेटफुल डेड’ने ‘लाइव्ह/डेड’साठी (१९६९) सोळा मार्गिकांचे यंत्र कार्यक्रमाच्या ठिकाणी नेले. तिच्यातले ‘डार्क स्टार’ तेवीस मिनिटांचे आहे. इथे धसमुसळेपणा नाही, परस्परांचे ऐकत जाणे आहे. कॅलिफोर्नियात १९६७ च्या माँटेरी महोत्सवात पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांनी दुपारभर वाजवलेले भीमपलासी आणि एकतालातला तबला याच श्रोतृवर्गाने ऐकला होता. तोही कार्यक्रम त्याच वर्षी तबकडीवर आला.

‘द हू’ या इंग्रज वाद्यवृंदाने १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्‌स विद्यापीठाच्या भोजनगृहात केलेला कार्यक्रम कालगणनेने दशकाबाहेरचा, पण वृत्तीने त्याचाच. त्याच्या तबकडीचे वेष्टन चोरट्या तबकडीसारखे साध्या तपकिरी पुठ्ठ्याचे, वर शिक्का मारल्यासारखे नाव. आतल्या लेबलवर हस्ताक्षरात सूचना होती, की कडकड आवाज येतात ते ठीक आहेत, दुरुस्त करू नयेत. साथीच्या गायनाचे काही भाग मात्र ध्वनिमुद्रणगृहात पुन्हा गाऊन घेतले होते. १९९५ च्या सीडी आवृत्तीत ते कडकड आवाजही संगणकाच्या मदतीने काढून टाकण्यात आले.