जर्मनीत कोर्सला नाव नोंदवणं वेगळं आणि परीक्षेला वेगळं

एक सेमिस्टर जर्मन विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या मुलांना व्हिसा, खोली, आरोग्यविमा यांची माहिती कोणी ना कोणी देतंच. सांगायची राहते ती एक साधी गोष्ट, आणि नेमकी तिच्यावरच क्रेडिट्स अवलंबून असतात. तिथे कोर्सला नाव नोंदवणं हे एक काम आणि त्याच कोर्सच्या परीक्षेला नाव नोंदवणं हे दुसरं. पहिलं केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

आपल्याकडे या दोन्हींत गल्लत व्हायला फारसा वाव नसतो, कारण परीक्षेचा फॉर्म भरून घ्यायला कॉलेजच मागे लागतं. नोटीस लागते, वर्गात येऊन सांगतात, मुदत टळली तर लेट फी भरून फॉर्म जातो आणि शेवटी हॉलतिकीट हातात पडतं. हजेरी कमी पडली तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. म्हणजे वर्गात बसणं आणि पेपर देणं एकमेकांना बांधलेलं असतं. जर्मनीत ही गाठ नाही. मोठ्या व्याख्यानांना बहुतेक ठिकाणी हजेरीच घेत नाहीत. तुम्ही सेमिस्टरभर पहिल्या बाकावर बसलात तरी परीक्षेच्या यादीत तुमचं नाव असेल असं कोणी गृहीत धरत नाही. आणि लेट फीची सोय साधारणपणे नसते. मुदत संपली की खिडकी बंद.

ग्योटिंगेन विद्यापीठात हा फरक डोळ्यांनी दिसतो. तिथे कोर्ससाठी ‘स्टुड आयपी’ नावाचं पोर्टल आहे. प्राध्यापकांच्या स्लाइड्स, वाचायचं साहित्य, खोली बदलल्याची सूचना हे सगळं तिथे मिळतं. परीक्षेची नोंदणी मात्र ‘फ्लेक्सनाउ’ या अगदी वेगळ्या पोर्टलवर होते. रोज स्टुड आयपी उघडणाऱ्याला फ्लेक्सनाउची आठवण करून देणारं काही समोर येईलच असं नाही. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत दोन्ही कामं ‘टीयूएमऑनलाइन’वरच होतात. त्यामुळे उलट जास्त फसायला होतं: कोर्सची नोंदणी झालेली दिसली की सगळं झालं असं वाटतं. हिवाळी सेमिस्टरच्या परीक्षांची नोंदणी तिथे साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन जानेवारीच्या मध्याला संपते. मध्ये नाताळची सुट्टी येते, मुलं फिरायला जातात, आणि मुदत त्या गडबडीत निघून जाते.

कोर्सची नोंदणी तशी सैल असते. सेमिनारमध्ये, म्हणजे छोट्या चर्चेच्या वर्गात, जागा मिळावी आणि साहित्य उघडता यावं एवढ्यासाठी ती असते. पहिले एक-दोन आठवडे चार कोर्सना बसून पाहिलं, त्यातले दोन सोडले, तर सहसा कोणी विचारत नाही आणि मार्कांवर काही परिणाम होत नाही. हे स्वातंत्र्य जरूर वापरावं, कारण आपल्या विषयाबाहेरचं काही ऐकायची अशी संधी पुन्हा मिळेल याची खात्री नाही.

परीक्षेची नोंदणी मात्र कायद्याच्या चौकटीतली आहे. सरकारी विद्यापीठाने दिलेला निकाल हा तिथे प्रशासकीय निर्णय समजला जातो आणि प्रसंगी त्याविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात जाता येतं. म्हणून परीक्षा विभाग तारखांबाबत इतका काटेकोर असतो. नोंदणी केली, ठरलेल्या मुदतीत नाव मागे घेतलं नाही आणि पेपरला गेलात नाही, तर ‘गैरहजर’ म्हणून थेट 5.0 लागतो. तिथे 1.0 सर्वोत्तम, 4.0 पर्यंत पास आणि 5.0 म्हणजे नापास. आजारी पडलात तर डॉक्टरांचा दाखला ताबडतोब द्यावा लागतो, आठवड्याभराने नेऊन चालत नाही. त्यामुळे ‘असू दे, सगळ्याच परीक्षांना नाव टाकून ठेवू’ हा उपायही धोक्याचाच. ती ओळ ट्रान्सक्रिप्टवर उमटू शकते.

ही दोन कामं वेगळी का, याचं उत्तर इतिहासात आहे. पूर्वीच्या माजिस्टर आणि डिप्लोम पदव्यांमध्ये विद्यार्थी आपल्याला हवी ती व्याख्यानं ऐकत आणि खऱ्या परीक्षा मुख्यतः अभ्यासक्रमाच्या टप्प्यांवर नि शेवटी होत. काय ऐकायचं, कधी ऐकायचं हा विद्यार्थ्याचा हक्क, ही तिथली जुनी आणि मला मनापासून आवडणारी धारणा आहे. 1999 च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर (युरोपातल्या देशांनी पदव्यांची रचना सारखी करायचं ठरवलं तो) बॅचलर-मास्टर आलं, प्रत्येक मोड्यूलला म्हणजे अभ्यासाच्या घटकाला परीक्षा आणि क्रेडिट्स आली, पण ऐकणं आणि परीक्षा देणं वेगवेगळं ठेवायची रीत तशीच राहिली.

एक्स्चेंजवाल्यांची अडचण आणखी एक. तुम्ही तिथे पदवीसाठी नसता, म्हणून तुमच्या नावाला कुठल्याच पदवीचे परीक्षा नियम जोडलेले नसतात. काही विभागांत त्यामुळे पोर्टलवर परीक्षेचं बटणच दिसत नाही. मग कागदी फॉर्म भरायचा, प्राध्यापकांना मेल करायचा किंवा परीक्षा विभागात म्हणजे ‘प्रूफुंग्सआम्ट’मध्ये भेटीच्या वेळेत जायचं, असं विभागाविभागाप्रमाणे बदलतं. लर्निंग ॲग्रीमेंटवर दोन्ही विद्यापीठांच्या सह्या झाल्या म्हणजे परीक्षेची नोंदणी झाली असं बऱ्याच जणांना वाटतं. ते चूक आहे. त्या कागदाने फक्त कुठले कोर्स घेणार ते ठरतं.

सर्वात जास्त निसटतो तो सेमिनार. तिथे लेखी पेपर नसतो. वर्गात विषय मांडायचा आणि नंतर पंधरा-वीस पानांचा निबंध द्यायचा. परीक्षेची तारीखच डोळ्यांसमोर नसल्यामुळे नोंदणी सुचत नाही, पण अनेक विभागांत या निबंधाचीही नोंदणी लागते. गणित-भौतिकीत उलट एक पायरी वाढते: दर आठवड्याच्या उदाहरणांच्या कागदांमध्ये ठरावीक गुण, बहुधा निम्मे, मिळवल्याशिवाय परीक्षेला प्रवेशच मिळत नाही.

परतीचं तिकीट काढताना हे सगळं लक्षात ठेवा. विद्यापीठांचं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असतं, व्याख्यानं साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पेपर बहुधा शेवटच्या आठवड्यांत किंवा त्यानंतर लगेच होतात. दुसरी संधी असली तर ती बरेचदा मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे तुम्ही पुण्यात परतल्यावर. मानहाइम हा ठळक अपवाद, तिथली शरदातली व्याख्यानं सप्टेंबरात सुरू होऊन डिसेंबरात संपतात.

मुदत चुकलीच तर त्याच दिवशी परीक्षा विभागाला आणि प्राध्यापकांना लिहा. कोर्सचा क्रमांक, आपला विद्यार्थी क्रमांक आणि परतायची तारीख पहिल्याच मेलमध्ये द्या, इंटरनॅशनल ऑफिसला प्रत ठेवा. पोर्टलवर नोंदणीच करता येत नव्हती असं असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा. छोट्या विभागांत एक्स्चेंजच्या विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला प्राध्यापक कधी कधी तयार होतात, मात्र तेही पेपरच्या आधी विचारलं तरच.