मीटर स्मार्ट, मग रीडिंग आपण का पाठवायचं? ब्रिटनमधल्या मीटरांची पार्श्वभूमी

आमचा मीटर जिन्याखालच्या कपाटात आहे, म्हणायला स्मार्ट, पण महिनाअखेरीला व्हॅक्यूम क्लीनर बाजूला सारून मोबाईलच्या टॉर्चमध्ये आकडे बघायचे आणि अ‍ॅपवर टाकायचे, राहिलं की अंदाजे बिल येतं. इथल्या ओळखीच्या बऱ्याच मराठी घरांत हेच चाललंय आणि सगळे म्हणतात मीटर बिघडला. मोजायचं काम तो बहुतेक वेळा नीट करत असतो, आकडा पुढे पोचत नाही.

२००८ मध्ये सरकारने जाहीर केलं की २०२० पर्यंत घरोघरी स्मार्ट मीटर. मीटर लावायचं काम दिलं वीज-गॅस विकणाऱ्या कंपन्यांना, आणि इथे तर लोक स्वस्त दर बघून कंपनी बदलतात! माझ्या मते घोळ इथेच झाला, कारण सगळ्यांचं मिळून एक नेटवर्क तयार व्हायच्या आधीच पहिल्या पिढीचे स्मेट्स १ मीटर लावत सुटले, ज्याची त्याची सिस्टीम वेगळी. कंपनी बदलली की नवीन कंपनीला रीडिंग मिळेना. २०१८ मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसनेच सांगितलं, कंपनी बदलल्यावर यातले साधारण ७० टक्के मीटर मुके होतात.

डीसीसीचं, म्हणजे मीटरांचे आकडे कंपन्यांपर्यंत पोचवणाऱ्या संस्थेचं, सामायिक नेटवर्क २०१६ च्या शेवटी सुरू झालं, दुसऱ्या पिढीचे स्मेट्स २ मीटर त्यावरच चालतात, जुनेही नंतर हळूहळू त्यावर घेतले. पण सिग्नलचं काय? दक्षिणेत मोबाईल नेटवर्क, उत्तर इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये वेगळा रेडिओ, आणि मीटर बसलेत तळघरात, जाड दगडी भिंतींमागे. गॅसचं तर अजून अवघड. तो मीटर बॅटरीवर, बॅटरी पुरावी म्हणून झोपून असतो, अर्ध्या तासाने जागा होऊन विजेच्या मीटरवरच्या हबला, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या डबीला, आकडा देतो, मग हब तो बाहेर पाठवतो. विजेचा आणि गॅसचा मीटर एकमेकांपासून लांब असले की विजेचं रीडिंग जातं पण गॅसचं नाही, आणि फोनवर किती वेळा समजावून सांगितलं तरी कंपनीचा माणूस विचारतो, लाईट आहे ना घरात?

मार्च २०२४ मध्ये सरकारी आकडा आला, सुमारे ४० लाख मीटर स्मार्टपणे चालत नाहीयेत. त्यात २०३३ पर्यंत मोबाईलचं जुनं २जी नेटवर्क बंद होणार, म्हणजे त्यावर चालणारे हब त्याआधी बदलायला परत घरोघरी माणूस पाठवावा लागणार.