पुराणमतवादी विचारवंत ते लोकप्रिय चेहरे (अमेरिका)

अमेरिकेत पुराणमतवादाची (कॉन्झर्व्हेटिझमची) बाजू जाहीरपणे मांडणारी माणसे १९५० आणि १९६०च्या दशकांत मुख्यतः लेखक, संपादक आणि प्राध्यापक होती. १९९०नंतर त्यांची जागा रेडिओ निवेदक, वृत्तवाहिन्यांचे सूत्रसंचालक आणि पुढे पॉडकास्टवाले यांनी घेतली. या स्थित्यंतराला सरसकट बौद्धिक घसरण म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. मुळात बदलला तो पोशिंदा. पूर्वी वैचारिक नियतकालिके देणगीदार आणि मर्यादित वर्गणीदार यांच्यावर जगत. नंतर जाहिरातदार आणि रोजचा श्रोता महत्त्वाचा ठरला. त्याच ओघात समोर बसणारा प्रतिपक्षही दिसेनासा झाला.

महायुद्धानंतर या विचाराला विद्यापीठांत फारशी प्रतिष्ठा नव्हती. समीक्षक लायोनेल ट्रिलिंग यांनी १९५०मध्ये लिहिले होते की, अमेरिकेत उदारमतवाद ही केवळ प्रबळ नव्हे, तर एकमेव बौद्धिक परंपरा आहे. तीनच वर्षांनी रसेल कर्क यांचा ‘द कॉन्झर्व्हेटिव्ह माइंड’ हा ग्रंथ आला आणि अठराव्या शतकातील ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क यांच्यापासूनची या विचाराची वंशावळ वाचकांपुढे उभी राहिली. दुसरीकडे अर्थतज्ज्ञ फ्रिडरिश हायेक यांच्या मुक्त बाजारपेठेच्या मांडणीचा प्रभाव वाढत होता. या दोन प्रवाहांचे आपसात पटत नसे; हायेक यांनी तर आपण पुराणमतवादी का नाही, हे सांगणारा स्वतंत्र निबंधच १९६०मध्ये लिहिला. ‘पुराणमतवाद’ हा मराठी शब्दही इथे तोकडा पडतो, कारण जुने ते सोने मानणारे आणि बाजारपेठेला मोकळे सोडू पाहणारे असे दोघेही या एकाच नावाखाली आले. त्यांना एकत्र आणले ते बऱ्याच अंशी साम्यवादाच्या विरोधाने आणि १९५५मध्ये विल्यम एफ. बकली (१९२५–२००८) यांनी काढलेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाने.

बकली यांचा ‘फायरिंग लाइन’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम १९६६ ते १९९९ असा ३३ वर्षे चालला. सुरुवातीला बाखचे संगीत, मग खुर्चीत जवळजवळ आडवे रेललेले बकली, हातात पेन, मांडीवर कागद. बोलताना भुवया वर जात आणि एखादा लॅटिन मुळाचा शब्द ते चवीने उच्चारत. समोर बहुधा विरोधी मताचा पाहुणा असे: १९६९मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की व्हिएतनाम युद्धावर बोलायला आले, १९७३मध्ये कृष्णवर्णीयांच्या जहाल ब्लॅक पँथर पक्षाचे ह्यूई न्यूटन. पाहुण्याला वाक्य पुरे करायला वेळ मिळे, आणि यजमानाची कोंडी झाली तर तीही लोकांना दिसे. माझ्या मते या कार्यक्रमाचे मोठेपण बकलींच्या शब्दसंपत्तीपेक्षा या उघड्या जोखमीत आहे.

तरीही त्या काळाला सुवर्णयुग म्हणू नये. याच ‘नॅशनल रिव्ह्यू’ने १९५७मध्ये अग्रलेख लिहून दक्षिणेतील गोऱ्यांच्या वर्चस्वाचे समर्थन केले होते. भाषा सुसंस्कृत होती; मागणी कृष्णवर्णीयांचा मताधिकार डावलण्याची होती. १९६५मध्ये केंब्रिजच्या वादसभेत कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांच्यापुढे बकली ५४४ विरुद्ध १६४ मतांनी हरले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती. शिवाय लोकप्रियतेचे बीजही त्यांच्यातच होते. त्याच वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढवली आणि सुमारे १३ टक्के मते मिळवली. १९६८मध्ये उदारमतवादी लेखक गोर व्हिडाल यांच्याशी थेट प्रक्षेपणात वाद घालताना तोंड फोडण्याची धमकीही त्यांनी देऊन टाकली. त्याआधी १९३०च्या दशकात कॅथलिक धर्मगुरू फादर कॉफलिन यांनी रेडिओवरून कोट्यवधी श्रोते गोळा केले होते. म्हणजे लोकानुनयी उजवा आवाज नवा नव्हता; विचारवंतांनी तो काही काळ मागे सारला होता एवढेच.

१९७० ते १९८५ हा मधला टप्पा. मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते मिल्टन फ्रीडमन यांनी १९७६मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवले आणि १९८०मध्ये दहा भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेतून अर्थशास्त्र घरोघरी नेले. नवपुराणमतवादी लेखक-संपादक आयर्व्हिंग क्रिस्टल, १९७३ची हेरिटेज फाउंडेशन ही धोरण-अभ्यास संस्था, मग राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रेगन यांचा विजय. पुस्तकातला विचार सत्तेत पोचला.

पुढची कलाटणी तंत्र आणि नियम यांतून आली. संगीत एफएमकडे गेल्यामुळे एएम रेडिओ केंद्रे ओस पडली होती. वादग्रस्त सार्वजनिक विषयांवर भिन्न मतांनाही वाव द्या, असे बंधन घालणारे १९४९चे ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ ऑगस्ट १९८७मध्ये रद्द झाले. उपग्रहामुळे एकच कार्यक्रम देशभर पाठवणे स्वस्त पडू लागले. या मोकळ्या जागेत १ ऑगस्ट १९८८ रोजी रेडिओ निवेदक रश लिंबॉ आले. मिझुरीतले, कॉलेज अर्धवट सोडलेले, संगीताच्या तबकड्या वाजवत रेडिओत मुरलेले. रोज दुपारी तीन तास, सहसा पाहुणा नाही. फोन करणारे आधीच निवडलेले, बहुतेक सहमत. केंद्रांना कार्यक्रम देताना मोबदल्यात जाहिरातीची मिनिटे घेतली जात. त्यामुळे छोट्या गावातल्या केंद्रालाही तो परवडला आणि काही वर्षांत सहाशेहून अधिक केंद्रांवर तो ऐकू येऊ लागला. ‘नॅशनल रिव्ह्यू’ कायम तोट्यात होते; लिंबॉ यांचा २००८चा करार सुमारे ४० कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या होत्या.

लिंबॉ बकलींना गुरुस्थानी मानत, आणि ते मनापासून. पण काम वेगळे होते. ट्रक चालवताना किंवा दुकानात उभे राहून ऐकणाऱ्या माणसाला ते पटवून देत नसत. तू एकटा नाहीस, हे सांगत. ती गरज खरी होती आणि विद्वानांनी तिची कधी दखल घेतली नव्हती. १९९४मध्ये रिपब्लिकन पक्षाने ४० वर्षांनी अमेरिकी संसदेचे प्रतिनिधीगृह जिंकले, तेव्हा नव्या सदस्यांनी त्यांना आपल्या गटाचे मानद सदस्य केले.

१९९६च्या ऑक्टोबरात फॉक्स न्यूज ही उजव्या विचारांची केबल वृत्तवाहिनी सुरू झाली. तिचे खापरही १९८७च्या निर्णयावर फोडले जाते. ते चूक आहे, कारण तो नियम केबल वाहिन्यांसाठी नव्हताच.

अधिकार कुणाकडे गेला, हे जानेवारी २०१६मध्ये कळले. ‘नॅशनल रिव्ह्यू’ने वीसहून अधिक लेखक जमवून डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध विशेषांक काढला. मतदारांवर त्याचा परिणाम झाला नाही. वर्ष संपण्याआधी ट्रम्प निवडून आले. ‘द वीकली स्टँडर्ड’ हे १९९५पासूनचे पुराणमतवादी साप्ताहिक २०१८च्या डिसेंबरात बंद पडले. टकर कार्लसन याच साप्ताहिकातले कसलेले लेखक. त्यांनी पुढे फॉक्स वाहिनी गाठली; २०२३मध्ये फॉक्समधून बाहेर पडल्यावरही त्यांचा प्रेक्षक त्यांच्यासोबत गेला. एका माणसाच्या कारकिर्दीत हे सारे स्थित्यंतर सामावले आहे.

इंटरनेटवर प्रतिपक्ष परतला, पण वेगळ्या रूपात. २०१२मध्ये ‘टर्निंग पॉइंट यूएसए’ ही तरुणांची पुराणमतवादी संघटना स्थापणारे चार्ली कर्क कॉलेजांच्या आवारात बसून विरोधकांना प्रश्न विचारायला बोलावत. समोर बहुधा विशीतला विद्यार्थी असे, आणि त्या वादातला एखादा मिनिट कापून लाखो फोनांवर फिरे. १० सप्टेंबर २०२५ रोजी युटामध्ये अशाच कार्यक्रमात गोळी झाडून त्यांची हत्या झाली. तेव्हा ते ३१ वर्षांचे होते.

पॅट्रिक डेनीन यांच्यासारखे अभ्यासक आजही वैचारिक पुस्तके लिहितात आणि ती वाचलीही जातात. ‘फायरिंग लाइन’देखील २०१८मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीवर मार्गारेट हूवर यांनी नव्याने सुरू केला. तो आता अर्ध्या तासाचा आहे.