जुन्या कचऱ्याची चाळण आणि कोकणातला ओलावा

कोकणातल्या कुठल्याही शहराचा जुना कचरा डेपो पाहा. कुठे तो सड्यावर असतो, कुठे सोडून दिलेल्या चिरेखाणीत, कुठे थेट खाडीच्या काठाला. वीस-तीस वर्षांचा कचरा थरावर थर रचलेला. खाली जांभा, आणि जांभा पाणी धरून ठेवत नाही. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी या ढिगांवर कोसळतं, त्यातून झिरपताना काळं होतं आणि उताराने विहिरींच्या नाहीतर खाडीच्या दिशेने निघतं. म्हणून असा ढीग वरून माती टाकून झाकण्यापेक्षा उकरून, चाळून, जागा मोकळी करणं इथे फार गरजेचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

कल्पना नवी नाही. 1953 साली इस्रायलमध्ये तेल अवीवजवळचा कचऱ्याचा ढीग उकरून चाळला गेला होता, तोही फळबागांना खतमाती मिळावी म्हणून. आपल्याकडे 2016 च्या घनकचरा नियमांनी जुन्या ढिगांच्या बायोमायनिंगला, म्हणजे ढीग असा उकरून, चाळून मोकळा करण्याला, जागा दिली आणि 1 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात त्यासाठी निधीही आला.

आता डेपोवर दिसतं ते मुख्य यंत्र म्हणजे ट्रॉमेल: भोकं पाडलेलं, आडवं, जरासं उतरतं ठेवलेलं लोखंडी पिंप. वरच्या तोंडातून माल आत पडतो. पिंप फिरतं, आतल्या पट्ट्या माल उचलून वर नेतात, तो सुटून खाली आपटतो, आणि प्रत्येक आपटण्यात ढेकळं फुटून माती भोकांतून खाली जाते. पिशव्या, चिंध्या, चपला पुढे सरकत दुसऱ्या तोंडाने बाहेर येतात. सगळी करामत वेगात आहे. दोन मीटर व्यासाचं पिंप मिनिटाला साधारण तीस फेऱ्या फिरवलं, तर माल कडेला चिकटून तसाच गोल फिरत राहतो, खाली पडतच नाही. अगदीच हळू फिरवलं तर तो तळाशी नुसता लोळतो. म्हणून मिनिटाला दहा-पंधरा फेऱ्यांवर काम चालतं. एका पिंपावर भागत नाही. आधी मोठ्या भोकांचं, मग लहान भोकांचं, अशी यंत्रं एकामागे एक लावतात.

हे सगळं कोरड्या मालाचं गणित झालं. ओल्या मातीच्या दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तो त्यांना एकमेकांशी बांधून ठेवतो. असा माल पिंपात फुटत नाही, उलट त्याचे गोळे वळतात. चिखल भोकांच्या कडांना धरतो आणि बघता बघता भोकं बुजतात. पिंपावर बाहेरून ब्रश बसवलेले असतात, पण मिळून आलेल्या चिखलापुढे ते कमी पडतात. ताणून-सैल होणाऱ्या रबरी चटयांच्या चाळण्याही मिळतात. त्यांना चटईच्या झटक्याने ओला मालसुद्धा झटकता येतो, मात्र त्या महाग आहेत.

स्वस्त आणि खात्रीचा उपाय चाळणीच्या आधीचा आहे. ढीग उकरून लांबट रांगा लावायच्या, जिवाणूंचं द्रावण फवारायचं आणि आठवड्याला पोकलेनने उलटायचं. हवा मिळाली की जिवाणू उरलंसुरलं कुजकं खातात, रांग आतून तापते, वाफ निघते. चार उलटण्यांत माल हलका, भुसभुशीत होतो. माझ्या मते कोकणात यंत्राची खरी क्षमता याच आठवड्यांत ठरते. घाईने थेट ढिगातून पिंपात माल टाकला, तर टनांचा आकडा कागदावर वाढतो आणि बाहेर पडते चिखल लागलेली पिशवी.

किनाऱ्याची आणखी एक खास अडचण म्हणजे नायलॉनची जाळी. मच्छीमारांची फाटकी जाळी आणि दोऱ्या पिंपाच्या पट्ट्यांत अडकतात, त्यात पिशव्या गुंततात, आणि हाताच्या जाडीचा पीळ तयार होतो. मग यंत्र थांबवून कामगाराला कोयत्याने तो कापावा लागतो. त्यामुळे ढीग उकरतानाच जाळी हाताने वेगळी काढणं परवडतं, आणि ते करणाऱ्या माणसाच्या हातात जाड हातमोजे असायलाच हवेत. नारळाच्या करवंट्या मात्र वर्षानुवर्षं धड राहतात आणि दगडांबरोबर येतात. चाळणीला फक्त आकार कळतो, वजन नाही. ते काम वाऱ्याचा झोत करतो, खळ्यावर भात उफणावं तसं: जड दगड, चिऱ्यांचे तुकडे जवळ पडतात, प्लास्टिक लांब उडतं. लोखंड माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावरचं चुंबक उचलतं.

या प्लास्टिकचं काय होतं? किलोमागे 1500 किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा कचरा पुरू नये, तो ऊर्जेसाठी वापरावा, असं 2016 च्या नियमांनी सांगितलं. तो सिमेंटच्या भट्ट्यांत जळण म्हणून जातो. पण किलोभर पाण्याची वाफ व्हायलाच सुमारे 540 किलोकॅलरी लागतात. मालात एक तृतीयांश पाणी असेल, तर किलोमागे 180 किलोकॅलरी त्यातच जातात, आणि चिकटलेल्या मातीची राख होते ती वेगळीच. मोठ्या भट्ट्या आहेत चंद्रपूर, कलबुर्गीकडे. म्हणजे डिझेल जाळून आपण घाटावर पाणी आणि चिखल वाहून नेतो.

म्हणून इथलं वेळापत्रक पावसावरूनच आखावं लागतं. परतीचा पाऊस सरला की ढीग उघडायचा, डिसेंबर ते मे जोमाने चाळायचं, आणि मिरगाच्या आधी उघडे भाग ताडपत्रीने बंद करायचे, चर खणून पावसाचं पाणी बाजूने वळवायचं. जूनमध्ये निघालेली कामाची ऑर्डर इथे चार महिने नुसती भिजते.

चाळणीखाली सर्वांत जास्त पडते ती बारीक माती. काळी, मऊ, आणि जांभ्याच्या कातळावर कलमं लावणाऱ्याला मोह पडेल अशी. पण त्याच ढिगात बॅटरीचे सेल, रंगाचे डबे कुजलेले असतात, आणि काचेचे, प्लास्टिकचे बारीक कण कुठलीही चाळण पूर्ण काढू शकत नाही. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात शिशाची मर्यादा किलोमागे 100 मिलिग्रॅम आणि कॅडमियमची 5 मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेचा अहवाल हातात येईपर्यंत ही माती आंब्या-काजूच्या बागेत जाऊ नये. खड्डे भरायला, रस्त्याच्या भरावाला ती तपासणीनंतर चालते, फक्त विहिरीपासून लांब.