ताऱ्यांचे रंग आणि ‘पांढरा’ ठरवण्याचा वाद

रोहिणी नारिंगी आणि अभिजित निळसर, हे साध्या डोळ्यांनाही कळतं. फोटोत मात्र दोन्ही सारखेच पांढरे ठिपके होऊन बसतात. लांब एक्स्पोजरमध्ये ताऱ्याचा गाभा लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनेलमध्ये भरून जातो आणि कडेला उरलेला रंग स्ट्रेच करताना, म्हणजे फोटोतला मंद भाग उजळवताना, धुतला जातो. फिल्मच्या दिवसांत यावर फारसा इलाज नव्हता. २००४ मध्ये एका शोधनिबंधाने वाट दाखवली: एकूण तेजावरून एकच गुणक काढायचा आणि लाल, हिरवा, निळा तिन्ही त्यानेच ताणायचे, म्हणजे आपसातलं प्रमाण टिकतं.

प्रमाण टिकलं तरी ‘पांढरा’ कशाला म्हणायचं, हा गुंता उरतोच. सुमारे ९,६०० केल्विनचा अभिजित पांढरा मानला, की ५,७७० केल्विनचा सूर्य पिवळट ठरतो. सूर्यासारखे तारे (वर्णपटानुसार प्रकार जी२व्ही) पांढरे धरले, की अभिजित निळा. तिसरा पर्याय सरासरी सर्पिल दीर्घिकेचा: तिच्यात सगळ्या प्रकारचे तारे येतात, म्हणून कुणा एकाला झुकतं माप नाही. एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरने हाच डिफॉल्ट ठेवला, आणि त्यावर अजून एकमत नाही. मला सूर्यच पटतो. आपला डोळा पांढरा ओळखायला शिकला तो त्याच्याच उजेडात. तांबूस ज्येष्ठा मात्र कुठल्याही निवडीत तांबूसच राहते. जून २०२२ मध्ये ताऱ्यांची मोजणी करणाऱ्या गाया या अवकाश मोहिमेने सुमारे २२ कोटी स्रोतांचे वर्णपट खुले केले, तेव्हापासून आपला फिल्टर कोणता प्रकाश किती सोडतो त्या आलेखाशी ते ताडून रंग मोजता येतो.

फोटोतल्या ताऱ्यांच्या आकाराचा प्रश्न जुना, पण सोपा. हौशी दुर्बिणीतून तारा बिंदूच. फोटोतला फुगवटा हवेचा, कोपऱ्यातलं शेपूट भिंगाचं, लांबट अंडं ट्रॅकिंगचं. १९७२ आणि १९७४ मध्ये स्वतंत्रपणे सुचलेली डिकन्व्होल्युशनची, म्हणजे पसरलेला प्रकाश गणिताने पुन्हा आवळण्याची, रीत १९९० नंतर हबल अवकाश दुर्बिणीच्या सदोष आरशामुळे गाजली. तिच्याने ताऱ्यांभोवती काळी कडी उमटायची, म्हणून फोटोचा काही भाग झाकणारे मास्क लावत बसावं लागे. २०२२ च्या अखेरीस हेच काम करणारं न्यूरल नेटवर्कवरचं साधन आलं आणि ते कष्ट संपले. यात मला गैर वाटत नाही, कारण तो आकार ताऱ्याचा नव्हताच. रंग मात्र त्याच्या तापमानाची खूण आहे.

म्हणूनच नॅरोबँड, म्हणजे ठरावीक वायूंचाच प्रकाश टिपलेले, फोटो खटकतात. हबल पॅलेट या रंगवाटपात हायड्रोजनला हिरवा, सल्फरला लाल आणि ऑक्सिजनला निळा देतात. हिरवा वरचढ ठरू नये म्हणून सल्फर आणि ऑक्सिजन ताणले, की तारे जांभळट होतात. आता बरेच जण आरजीबीत (लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरांतून) वेगळे घेतलेले तारे त्यावर बसवतात. ते तारे खरेच असतात. फक्त फोटोखाली तसं लिहायला हवं.