कुर्डुवाडीपर्यंतची धडधड

एक माणूस डोळ्यांसमोर आणा. तो खरा नाही, मी रचलेला आहे. पण सोलापूरकराला अनोळखी वाटणार नाही. वय बेचाळीस, राहायला पूर्व भागात, घरात तेलुगू. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. मे महिन्यात सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला निघाला आणि कुर्डुवाडी यायच्या आत एकाएकी छाती धडधडायला लागली. हातपाय गार पडले, अंगाला घाम सुटला, बोटांना मुंग्या आल्या. ‘आता गेलो’ असं वाटलं. कुर्डुवाडीला उतरून भाच्याला गाडी घेऊन बोलावलं आणि घरी परत आला.

ईसीजी झाला, टूडी एको झाला, थायरॉईडही तपासून झालं. सगळं नॉर्मल. ‘गॅस असेल’ असं कुणी म्हणालं, घरी दृष्ट काढून झाली. मित्र म्हणाला, “काय नाही बे, टेन्शन घेऊ नको.” आधी ट्रेन बंद झाली, मग भरलेली बस, मग सिनेमा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, पोरांना न्यायची जबाबदारी बायकोवर आली. खिशात कायम पाण्याची बाटली आणि एक गोळी, जी तो कधी खात नाही, पण ती नसली की दाराबाहेर पाऊल पडत नाही.

याला पॅनिक अटॅक म्हणतात, आणि त्यानंतर जी वाढत गेली ती त्या अटॅकची भीती. कुणीतरी शहाण्या माणसाने त्याला ‘एकदा मानसोपचार घे’ म्हणून सांगितलं, असं धरू. प्रश्न इथूनच सुरू होतो. मानसोपचार म्हणजे नेमका कुठला? दार कुठलं उघडतो त्यावर आतलं संभाषण पार बदलतं.

पहिल्या खोलीत फ्रॉइडचे वारसदार बसलेत. ‘बोलून बरं होणं’ ही कल्पनाच मुळात व्हिएन्नातली. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ साली उन्मादाच्या, म्हणजे हिस्टेरियाच्या, रुग्णांवरचं पुस्तक काढलं, आणि लक्षणामागे दडलेली गोष्ट असते हा विचार तिथून पसरला. इथे आपल्या हिशेबनीसाला विचारतील: पुण्याला कशासाठी निघाला होतात? घर सोडून जाताना लहानपणी काय व्हायचं? वडिलांशी कसं होतं? हे प्रश्न निरर्थक नाहीत. पुण्याला तो कदाचित मोठ्या भावाकडे वाटणीचं बोलायला निघाला असेल, आणि ते बाहेर यायला महिने लागतील. पॅनिकसाठी या पद्धतीची आखीव, थोड्या आठवड्यांत बसवलेली आवृत्ती निघाली आहे आणि चाचणीत ती नुसत्या शिथिलीकरणापेक्षा सरस ठरली. म्हणून ‘फ्रॉइड म्हणजे जुनाट’ असं म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. पण महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला वर्षानुवर्षं आठवड्याला तीन वेळा पलंगावर पडून बोलणं परवडत नाही, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या खोलीत बालपणाची चौकशीच होत नाही. इथे वही आणि पेन देतात.

या खोलीचा पाया १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी घातला. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा आणि रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी पोरगा सशाला कुरवाळू लागला. पुढे दक्षिण आफ्रिकेत जोसेफ वोल्पे यांनी याची शिस्तशीर पद्धत केली आणि १९५८ साली ग्रंथरूपाने मांडली. भीतीची शिडी करायची, सर्वांत खालच्या पायरीपासून चढायचं, प्रत्येक पायरीवर अंग सैल सोडायला शिकायचं. गंमत अशी की नंतरच्या अभ्यासांत ते अंग सैल सोडणं फारसं आवश्यक नसल्याचं दिसलं. काम करतं ते सामोरं जाणं.

हिशेबनीसाची शिडी अशी होईल: सोलापूर स्टेशनवर जाऊन प्लॅटफॉर्मवर अर्धा तास बसायचं. मग उभ्या गाडीत चढून उतरायचं. मग पुढच्या स्टेशनपर्यंत जायचं, सोबत बायको. मग एकट्याने. मग कुर्डुवाडी. मग दौंड. आणि मधल्या कुठल्यातरी पायरीवर पाण्याची बाटली घरी ठेवायची, त्यानंतर गोळी. या शेवटच्या दोन गोष्टींवर खोलीतला माणूस अडून बसेल, आणि ते योग्यच आहे. बाटली खिशात असली की मेंदू श्रेय बाटलीला देतो. ‘गाडीत काही झालं नाही’ हे तो शिकतच नाही.

पूर्वी समजत असत की अशा सरावाने भीती पुसली जाते. तसं होत नाही. कुत्र्यांना इशाऱ्यावर लाळ गाळायला शिकवणाऱ्या पाव्हलॉव्हलाच दिसलं होतं की सरावाने विझलेली प्रतिक्रिया काही काळाने आपोआप परत उसळते. जुनी शिकवण मेंदूत राहतेच. सरावाने तिच्या शेजारी नवी शिकवण बसते आणि दोघींत ओढाताण चालते. नवी शिकवण एकाच जागी मिळाली तर तिचा जोर तेवढ्यापुरताच. म्हणून चांगला चिकित्सक हुतात्मावर थांबत नाही. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सात रस्त्यावरची गर्दीची वेळ, आणि हो, पुढच्या जानेवारीत गड्डा.

तिसऱ्या खोलीत भीतीपेक्षा विचारावर बोट ठेवतात. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ही वाट धरली. ते स्वतः लाजाळू होते. एकोणीस वर्षांचे असताना न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन त्यांनी बाकावर बसलेल्या शंभर बायकांशी बोलणं काढलं. भेटायला तयार झाली एकच, आणि तीही आली नाही. पण आकाश कोसळलं नाही, हे कळलं. महाराष्ट्रात ही पद्धत ‘विवेकनिष्ठ’ या नावाने रुजली ती कि. मो. फडके यांच्यामुळे, आणि मराठीत तिला एक सोय आयती मिळाली: ‘च’. ‘मला गाडीत भीती वाटताच कामा नये’, ‘सगळं नीट झालंच पाहिजे’. इंग्रजीत यासाठी अख्खं क्रियापद लागतं, आपल्याकडे एका अक्षरात हट्ट मावतो. तो ‘च’ काढून वाक्य पुन्हा म्हणून बघा, छातीवरचं ओझं किंचित हलतं.

त्याच सुमारास फिलाडेल्फियात ॲरन बेक नैराश्याच्या रुग्णांवर फ्रॉइडचे सिद्धांत तपासायला बसले आणि त्यांना वेगळंच सापडलं: रुग्णाच्या डोक्यात स्वतःविषयी झटपट, आपोआप येणाऱ्या काळ्या वाक्यांची रांग. या दोघांच्या आणि दुसऱ्या खोलीच्या मेळातून आजची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी पद्धत, झाली. पॅनिकबद्दल तिचं म्हणणं १९८६ साली डेव्हिड क्लार्क यांनी नेमकं मांडलं: धडधड हा आजार नाही, धडधडीचा लावलेला अर्थ हा आजार आहे. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीपार असतो. डब्यात गर्दी, पोटात काही नाही, मग छाती थोडी धडधडणारच. ‘हा हार्ट अटॅक’ असं मनात येतं, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने बोटांना मुंग्या येतात आणि डोकं गरगरतं. ही तर पुराव्यावर पुरावा मिळाल्यासारखी गत. खरं तर ही लाट काही मिनिटांत कळसाला पोचते आणि आपोआप ओसरते.

म्हणून या खोलीत एक विचित्र वाटणारा प्रयोग करतात. हिशेबनीसाला मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, किंवा फिरत्या खुर्चीत गोल फिरवतात, जिने चढवतात. तीच धडधड, त्याच मुंग्या, आणि कारण समोर दिसतंय. बरेच जण इथे पहिल्यांदा हसतात.

चौथी खोली कार्ल रॉजर्सची. इथे वही नाही, शिडी नाही, उलटतपासणी नाही. रॉजर्स यांनी १९५७ साली लिहिलं की चिकित्सकाने समोरच्याला अटी न घालता स्वीकारावं, त्याचं जग त्याच्या जागेवरून समजून घ्यावं आणि स्वतः मुखवटा घालू नये. बदलासाठी एवढं पुरतं. ‘एवढं पुरतं’ हा भाग मी मान्य करणार नाही, निदान पॅनिकसाठी तरी. पण याशिवाय बाकीच्या खोल्यांतलं काम हलत नाही, हे पुढे कळेल.

या खोल्या शेजारी शेजारी ठेवून बघायची संधी १९६५ साली प्रेक्षकांना मिळाली. एका घटस्फोटित तरुण बाईने लागोपाठ तीन नामांकित चिकित्सकांशी कॅमेऱ्यासमोर बोलणं केलं: रॉजर्स, ‘आत्ता, इथे काय वाटतंय’ यावर भर देणाऱ्या गेस्टाल्ट पद्धतीचे फ्रिट्झ पर्ल्स, आणि एलिस. रॉजर्स ऐकत राहिले. पर्ल्सनी तिला डिवचलं, तिचं हसू खोटं आहे म्हणाले, ती चिडली. एलिस तिच्यापेक्षा जास्त बोलले. चित्रीकरणानंतर ती म्हणाली की त्या घडीला मला पर्ल्सचा उपयोग जास्त वाटतो. पण पुढे वर्षानुवर्षं पत्रव्यवहार राहिला तो रॉजर्सशी. तासाभराने कोण उपयोगी वाटलं आणि दहा वर्षांनी कुणाची आठवण राहिली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि संशोधकांना दोन्ही मोजावे लागतात.

मोजायला सुरुवात भांडणातून झाली. १९५२ साली हान्स आयझेंक यांनी दावा केला की सौम्य मनोविकाराचे (न्यूरोसिसचे) दोन तृतीयांश रुग्ण उपचारांशिवायही दोनेक वर्षांत सुधारतात, मग तुमचा उपयोग काय? आकडेवारी कच्ची होती, पण टोचणी कामाला आली. १९७७ साली स्मिथ आणि ग्लास यांनी ३७५ अभ्यास एकत्र करून दाखवलं की उपचार घेणारा सरासरी माणूस न घेणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्क्यांपेक्षा बऱ्या स्थितीत असतो. मात्र पद्धतींमध्ये आपसांत फरक फारसा निघाला नाही. हे भाकीत सोल रोझेनझ्वाइग यांनी १९३६मध्येच केलं होतं, लहान मुलांच्या गोष्टीतल्या डोडो पक्ष्याचा दाखला देऊन: शर्यतीत सगळेच जिंकले, सगळ्यांना बक्षीस.

डोडोचा निकाल ऐकायला गोड आहे, पण सगळे आजार एका पोत्यात घातल्यावर तो लागतो. पोतं सोडा, वेगळं दिसतं. रक्त किंवा सुई बघून चक्कर येणाऱ्यांचंच बघा. बहुतेक भीतीत रक्तदाब वाढतो, म्हणून पॅनिकमध्ये माणूस ‘पडेन पडेन’ म्हणतो पण सहसा पडत नाही. रक्ताच्या भीतीत मात्र दाब आधी चढून मग धाडकन उतरतो आणि माणूस खरोखर पडतो. त्याला ‘अंग सैल सोड’ सांगणं म्हणजे आगीत तेल. स्वीडनचे लार्स-यूरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात अशांना उलटं शिकवलं: रक्त दिसलं की हातपाय, पोट यांचे स्नायू ताणून धरा. दाब टिकतो, चक्कर टळते. मंत्रचळात, म्हणजे ओसीडीत, हात न धुता अस्वस्थता तशीच सोसायला लावणारा सराव लागतो. नुसती सहानुभूती पुरत नाही. इथे तंत्र महत्त्वाचं आहे, आणि ज्याला ते येत नाही त्याच्याकडे सज्जनपणा कितीही असला तरी वेळ जातो. मोठ्या धक्क्यानंतर सगळ्यांना लगेच एका बैठकीत प्रसंग सविस्तर सांगायला लावण्याची पद्धत तर काहींना अपायकारक ठरल्याचं दिसलं.

नैराश्याचं गणित निराळं. तिथे पद्धतींमधला फरक खरोखरच लहान आहे. नील जेकबसन यांनी १९९६ साली सीबीटीचे तुकडे करून बघितले. विचार तपासण्याचा भाग गाळून फक्त ‘दिवसाला कामं परत बांधा’ एवढंच केलं तरी परिणाम जवळपास तोच आला. समजा, विड्या वळणारी एक बाई. हजार विड्यांचा हिशेब पुरा होत नाही, शेजारणीकडे जाणं सुटलं, दिवसभर पडून राहते. तिला ‘चांगला विचार कर’ म्हणून काही होत नाही. मन उठेल तेव्हा अंग उठेल असं न म्हणता आधी अंग उठवायचं: सकाळी तळ्याकाठी एक फेरी, दुपारी पाचशे विड्या शेजारणीच्या ओट्यावर बसून. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेने हेच केलं, आणि तेही मानसशास्त्रज्ञांशिवाय. प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनी सहा ते आठ भेटी घेतल्या. २०१७ साली निकाल आला: तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्याच्या रेषेखाली आले, नेहमीच्या देखभालीत ३९ टक्के. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरमध्ये मात्र औषधाची जागा बोलणं घेत नाही, ते सोबत चालतं.

राहिली रॉजर्सची खोली. चिकित्सक आणि रुग्ण यांचं जमतं की नाही, यावरचे २९५ अभ्यास २०१८ साली एकत्र केले गेले. परिणामांतल्या फरकापैकी सुमारे ८ टक्के फरक या जमण्याशी जोडलेला निघाला. आकडा लहान वाटतो, पण कुठल्याही सुट्या तंत्राच्या वाट्याला याहून जास्त क्वचितच येतं. आणि जमणं म्हणजे फक्त गोड बोलणं नव्हे. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ साली त्याचे तीन भाग सांगितले: कुठे जायचंय यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि मग आपुलकी. हिशेबनीसाला पुण्याला जाता यायला हवंय आणि चिकित्सकाला त्याचं बालपण हवंय, तर पहिलाच भाग निसटला.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. इथे एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी ऐकू येतात. ‘आपोआप येणारा विचार कुठला?’ असं मराठीत विचारलं तर हिशेबनीस मराठीत काहीतरी नीटनेटकं सांगेल. डब्यात धडधड सुरू झाली तेव्हा मात्र ते वाक्य तेलुगूत आलं होतं, बहुधा आजीच्या आवाजात. तेलुगू न येणाऱ्या चिकित्सकानेही ते आधी तेलुगूतच मोठ्याने म्हणायला लावावं आणि मग अर्थ विचारावा, असं माझं मत आहे.

दार निवडताना म्हणून पाटीवरचं नाव बघण्यापेक्षा पहिल्या भेटीत चार गोष्टी सरळ विचाराव्यात. माझ्या त्रासाचं तुमच्या मते कारण काय? आपण काय करणार, घरी मला काय करावं लागेल? अंदाजे किती भेटी? आणि सहा भेटींनंतर फरक नाही पडला तर पुढे काय? हे विचारल्यावर जो चिडतो त्याची फी वाचली म्हणायचं. पहिलं दारच सापडत नसेल तर सरकारची टेली-मानस ही फुकट सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते.

आणि हिशेबनीसाला माझा सल्ला तिसरी खोली, शिडी दुसरीची, फक्त आत बसलेला माणूस चौथ्या खोलीतून आल्यासारखा असावा. वाटणीचा विषय निघालाच तर पहिल्या खोलीचं दार उघडं आहे.